चार नंबरचं दार

शाळेच्या सभागृहात त्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, बाक भरले, मग लोक खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसले. मुलाचा निकाल घ्यायला या म्हणून तीन-तीन निरोप धाडले तरी न फिरकणारे बाप अर्ध्या दिवसाची रजा टाकून पहिल्या रांगेत हजर होते. निकाल काय, दरवर्षीच असतो. चमत्कार कधीतरी असतो, आणि तो फुकट होता.

व्यासपीठावर सातवीची चाळीस मुलं ओळीने बसली होती. प्रत्येकाच्या डोळ्यांवर काळं डबडं आणि कानांवर जाड गाद्या. मागच्या पडद्यावर चार दारं रंगवलेली, डावीकडून उजवीकडे एक ते चार. मुलांना डबड्याच्या आत हीच दारं दिसत होती. प्रश्न आला की बरोबर उत्तराच्या दाराकडे मान वळवायची. मान वळली की दार उघडायचं.

पुढे उभा होता या सगळ्याचा मालक. गळ्यापर्यंत बंद काळा कोट, गालाला चिकटलेला माईक, हातात पाटीएवढा टॅब्लेट. तो स्वतःला बोधगुरू म्हणवून घेई आणि त्याच्या डबड्यांचं नाव होतं ‘बोधचक्षू’. शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी त्याचं नाव पहिल्याच दिवशी ‘चष्मेश्वर’ ठेवलं होतं. अर्थात खोलीचं दार लावून घेऊन. गणिताच्या सरांचं धाडस दाराच्या कडीवर अवलंबून असे.

“पालकहो!” चष्मेश्वर गरजला. “आजवर तुमच्या मुलांनी काय केलं? पाठांतर! घोकंपट्टी! ज्ञान बाहेरून आत कोंबलं! बोधचक्षू लावला की ज्ञान आत जात नाही, ते आतून उगवतं! पेशीपेशीतून! क्वांटम लहरींतून!”

“क्वांटम म्हणजे काय हो?” एका आजोबांनी शेजाऱ्याला विचारलं.

“श्श! ऐका ना!” शेजारी म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण भक्ताला शब्द कळावा लागत नाही, ऐकू आला तरी त्याचं पोट भरतं.

“सातवीच्या या मुलांना मी दहावीचे प्रश्न विचारणार आहे. त्यांना कुणी शिकवलेलं नाही! मुलांनो, आतला आवाज ऐका. शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं? एक, कानात. दोन, बोटात. तीन, नाकात. चार, पायात.”

आणि मग एकोणचाळीस माना एकदम डावीकडे वळल्या. पडद्यावर एक नंबरचं दार धाडकन उघडलं. “कान! बरोबर उत्तर!”

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. एका बापाने डोळे पुसले. त्याच्या चिरंजीवाला कालपर्यंत स्वतःची पाण्याची बाटली सापडत नव्हती, आज त्याला शरीरातलं सर्वांत लहान हाड सापडलं होतं.

फक्त एक मान उजवीकडे वळली होती. शेवटच्या ओळीतली, दोन वेण्यांची. दुसऱ्या प्रश्नालाही ती उजवीकडेच वळली, तिसऱ्यालाही. पाचव्या प्रश्नाला लोक हसायला लागले. दहाव्यापर्यंत मागची पोरं “चार! चार!” असं आधीच ओरडू लागली.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या विज्ञानाच्या बाई टाचा उंचावून त्या वेण्यांकडे पाहू लागल्या. ती त्यांची भाची होती. सख्ख्या भावाची मुलगी. घरात तिला भिंगरी म्हणत.

वीस प्रश्न संपले. छोट्या यंत्रातून गुणांचे कागद सरसर बाहेर आले. एकोणचाळीस मुलांना वीसपैकी एकोणीस किंवा वीस. भिंगरीला चार.

“एकोणचाळीस मुलांचं बोधद्वार उघडलं,” चष्मेश्वर आवाज ओला करून म्हणाला. “एका कन्येचं जन्मतःच बंद आहे. दुःख करू नका. चेहरा वाकडा असला तर आरशाला दोष देऊ नये.”

* * *

गर्दी पांगल्यावर मुख्याध्यापकांच्या खोलीत खरेदी समिती बसली. शाळेने ठरवलं होतं की असे चष्मे घ्यायचे, जे लावून अख्खा वर्ग एकत्र शिकेल. कुठले घ्यायचे ते ठरवायला ही पाच माणसं. संस्थेचे अध्यक्ष, मुख्याध्यापक, एक पालक, गणिताचे सर आणि बाई. बाईंनी महिनाभर आधी सहा प्रश्न एका कागदावर लिहून ठेवले होते. तो कागद त्यांनी आता पुढे केला.

“सगळी मुलं एकच गोष्ट पाहतात, की प्रत्येक जण वेगळं पाहतो?”

“प्रत्येक जण स्वतःला पाहतो,” चष्मेश्वर डोळे मिटून म्हणाला.

“मूल काय पाहतंय ते शिक्षकाला दिसतं का?”

“गुरूला न पाहताही दिसतं.”

“ज्याला आधीच चष्मा आहे, त्याने हे कसं लावायचं?”

“बोधचक्षू लावल्यावर चष्म्याची गरज कुणाला?”

“किती वेळाने गरगरतं? मळमळतं?”

“विकार बाहेर पडतात, बाई. चांगलं असतं.”

“एक बिघडला तर बाकीचे चालतात का?”

“श्रद्धेने हाताळलं तर बिघडतच नाही.”

बाईंचा शेवटचा प्रश्न राहिला होता. “चष्मा काढल्यावर मुलांना काय आठवतं? आपण सगळी परीक्षा चष्मा लावूनच घेतली. काढून एकही प्रश्न विचारला नाही.”

चष्मेश्वराने पहिल्यांदा डोळे उघडले. “विहिरीतून बाहेर काढून माशाला पोहायला सांगता?”

अध्यक्ष मांडीवर थाप मारून हसले. अध्यक्ष इमारती बांधत. शाळेचं सभागृहही त्यांनीच बांधलेलं, आणि त्याच्या सिमेंटची कहाणी ऐकल्याशिवाय त्यांच्या तावडीतून कुणी सुटलेलं नव्हतं. बोधचक्षू लावून त्यांनी सकाळी समुद्रातला मासा पाहिला होता. पाहिला म्हणजे, हात लांब करून पकडायला गेले आणि मुख्याध्यापकांचं नाक पकडलं. तेव्हापासून ते परम भक्त झाले होते.

“बाई, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढायची खोडच आहे,” ते म्हणाले. “आपण हेच घेऊ. आणि या चाचणीचा आणखी एक फायदा आहे. कुठल्या पोराच्या डोक्यात काही शिरतं आणि कुणाच्या नाही, ते कळलं. सोमवारपासून ती एक मुलगी ‘क’ तुकडीत टाका.”

‘क’ तुकडी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे मोडके बाक होते, कुठल्याही वर्गाचा शिक्षक आजारी पडला की त्याच्या जागी इथलाच शिक्षक पाठवला जाई, आणि प्रयोगशाळेचा तास वेळापत्रकातच नव्हता. भिंगरी शाळेत येत होती ती त्या एका तासासाठी.

“साहेब, एका दिवसाच्या खेळावरून...”

“खेळ नाही, सिद्धता!” चष्मेश्वर म्हणाला. “संशय असेल तर शनिवारी पुन्हा करून दाखवतो. प्रश्न बाईंनीच काढावेत. वीस प्रश्न, खाली चार-चार पर्याय. फक्त बरोबर पर्यायावर खूण करून शुक्रवारी माझ्याकडे द्या. गुण मोजायला यंत्राला उत्तर माहीत हवं ना?”

समितीने माना डोलावल्या. गणिताच्या सरांनीही डोलावली. दार उघडं होतं.

* * *

घरी ताटं वाढली होती, पण कुणी जेवत नव्हतं. भिंगरीचा गुणांचा कागद मध्ये पडला होता.

भिंगरीचा बाप लिफ्टची दुरुस्ती करी. शहरातल्या निम्म्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. माणसांवर त्याचा भरवसा नव्हता, पण यंत्रांवर होता.

“यंत्राला कुणाशी वैर नसतं गं,” तो बहिणीला म्हणाला. “लिफ्ट माणूस बघून थांबत नाही. चार गुण दिले म्हणजे चारच असणार. मी काय म्हणतो, उगाच पोरीला कशाला रगडायचं? जाऊ दे त्या ‘क’ तुकडीत. पुढे शिवणकाम शिकेल.”

“दादा, ही पोर तुझा मल्टिमीटर वापरते. परवा मिक्सर कुणी दुरुस्त केला?”

“ते वेगळं.”

“वेगळं कसं?”

“अहो, निदान तिच्या देखत तरी नको,” वहिनी पुटपुटल्या.

भिंगरी खाली मान घालून बसली होती. ती नेहमीप्रमाणे टेबलाच्या डाव्या टोकाला बसली होती, म्हणजे सगळं घर तिच्या उजवीकडे. पाच वर्षांची असताना तिला गालगुंड झाले होते. ताप गेला तो डावा कान घेऊन गेला. कुणी हाक मारली की ती कुठून आली ते तिला कळत नसे, म्हणून ती गरकन सगळीकडे वळून पाही. त्यावरून भिंगरी. बाप कौतुकाने म्हणे की आमची पोर एका कानाने ऐकते आणि दुसऱ्याने सोडत नाही, दुसरा बंदच आहे.

शाळेत हे कुणाला माहीत नव्हतं. आधीच्या शाळेत पोरांनी तिला ‘बहिरी’ म्हणून दोन वर्षं छळलं होतं. या शाळेत येताना तिने आत्याकडून वचन घेतलं होतं की कुणालाही सांगायचं नाही. वर्गात ती डाव्या भिंतीजवळ बसायची आणि सगळ्यांना वाटायचं की हिला तिथला पंखा आवडतो.

बाईंनी कागद उचलला. चार गुण, ठीक. पण उत्तरं? चार, चार, चार, चार. वीसच्या वीस वेळा चार नंबरचं दार.

विज्ञान शिकवून शिकवून बाईंना एक सवय लागली होती. उत्तर चुकलं की त्या विचारत, कसं चुकलं? ज्याला काही येत नाही तो पोरगा अंदाजाने ठोकतो, कधी एक, कधी तीन. वीस वेळा एकच दार कुणी अंदाजाने निवडत नाही.

त्या उठून भिंगरीच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. “बाळ, प्रत्येक वेळी चारच का गं?”

“तिथूनच येत होता ना आवाज.”

“कसला आवाज?”

भिंगरीने दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “सांगितला तर बंद होतो.”

“असं कोण म्हणालं?”

“बोधगुरू. सगळ्यांना पडद्यामागे नेऊन सांगितलं त्यांनी. आतला आवाज येतो, तो जिकडून येईल तिकडे मान वळवायची. कुणाला सांगायचा नाही. आईबाबांना पण नाही. ज्याने सांगितला त्याचा कायमचा बंद होतो.”

“कसा येतो तो?”

“किणकिण असा. प्रत्येक प्रश्नाला. बाकीच्यांना वेगवेगळ्या दारातून येत असणार. मला सारखा उजवीकडूनच आला.” तिचे डोळे भरले. “माझं बोधद्वार बंद आहे ना, आत्या?”

बाईंना इतका संताप आला की त्यांनी हातातला कागद टेबलावर आपटला.

“बोधद्वार नाही गं वेडे, तुझा डावा कान बंद आहे! आवाज एक नंबरच्या दारातून आला काय आणि तीनमधून आला काय, दोन्ही गाद्यांत तो कमी-जास्त वाजतोच, म्हणून तुला तो उजवीकडूनच वाटणार. आणि तो आवाज तुझ्या आतला नव्हता, त्या डबड्याच्या आतला होता!” त्यांनी भावाकडे पाहिलं. “कळलं का दादा? उत्तर त्याच्याजवळ. तो टॅब्लेटवर भरतो, आणि बरोबर दारातून घंटी वाजते. पोरं घंटीकडे बघतात. बस, एवढाच चमत्कार.”

दादाने ताट बाजूला सारलं. “आणि ज्यांना ऐकू आलं ते सगळे बोलले का नाहीत?”

“वीसपैकी वीस मिळत असताना कोण बोलेल? मोठी माणसं बोलत नाहीत, पोरांचं काय घेऊन बसलास?”

“मग आता काय करणार तू? जाऊन सांग सरळ.”

“माझं कोण ऐकणार? भाचीला चार गुण पडले म्हणून बाई जळते, असंच म्हणतील.”

भिंगरीने आत्याचा हात घट्ट धरला. “आत्या, कानाचं नाही ना सांगणार?”

“वचन दिलंय ना? नाही सांगणार. कानाशिवाय होतंय का बघते.”

शुक्रवारी दुपारी बाईंनी प्रश्नांचं बंद पाकीट चष्मेश्वराला दिलं. एकोणीस प्रश्नांवर बरोबर खूण होती. एकावर चुकीची.

* * *

शनिवारी गर्दी दुप्पट होती. भिंगरीला व्यासपीठावर घेतलंच नव्हतं. बंद द्वाराची मुलगी इतरांच्या लहरी अडवते, असं चष्मेश्वराने जाहीर केलं आणि लोकांनी तेही खरं मानलं. ती पाचव्या रांगेत बसली, उजव्या हाताला बाप.

प्रश्न सुरू झाले. माना डावीकडे, माना उजवीकडे, दारं उघडताहेत, टाळ्या पडताहेत. अध्यक्ष तर टाळी उत्तराच्या आधीच वाजवू लागले. अकराव्या प्रश्नाला चष्मेश्वराने टॅब्लेटवर न बघितल्यासारखं करत वाचलं, “या सभागृहाला खिडक्या किती? एक, चौदा. दोन, नऊ. तीन, बारा. चार, अकरा.”

एकोणचाळीस माना डावीकडे वळल्या. दोघं-तिघं जरा घुटमळले, पण तेही वळले. एक नंबरचं दार धाडकन उघडलं.

“चौदा! बरोबर उत्तर!”

टाळ्या कडाडल्या. आणि टाळ्यांच्या मधोमध अध्यक्ष उभे राहिले.

“चौदा?” ते म्हणाले. “चौदा कुठून आल्या? अकरा आहेत.”

“अध्यक्षसाहेब,” चष्मेश्वर गोड हसला, “साध्या डोळ्यांना सगळ्याच खिडक्या दिसत नाहीत.”

दुसरं काहीही म्हणाला असता तर अध्यक्षांनी हात जोडले असते. चंद्र दोन आहेत म्हणाला असता तरी चाललं असतं. पण सभागृह त्यांचं होतं.

“अहो काय बोलता? मी बांधलंय हे! वीट न् वीट मला ठाऊक आहे! पाच इकडे, पाच तिकडे, एक मागे. मोजा रे!”

आणि सगळं सभागृह मोजू लागलं. बोटं वर झाली, कट्ट्यांवरची माणसं वाकून पाहू लागली. एक, दोन, तीन... आठवडाभर डोकं घरी ठेवून आलेली माणसं अकरापर्यंत मोजताना कशी जागी होत गेली, ते बघण्यासारखं होतं. “अकरा!” सगळे एका सुरात ओरडले.

“मुलांना भविष्यातलं दिसलं असेल!” चष्मेश्वर घाईने म्हणाला. “पुढे तीन वाढणार असतील!”

“भिंतीत भोकं पाडून?” अध्यक्ष गरजले.

बाई माईकपाशी आल्या. “मुलांना काहीच दिसलेलं नाही. चौदावर खूण मी केली होती, मुद्दाम, चुकीची. तो कागद मी बंद पाकिटातून दिला. मुलांनी तो पाहिला नाही, तुम्ही पाहिला नाही. पाहिला फक्त बोधगुरूंनी. मग माझी चूक एकोणचाळीस मुलांच्या पेशींतून कशी उगवली?”

सभागृह गप्प झालं. पण चष्मेश्वर असल्या गप्पपणावरच जगत आला होता. त्याने टॅब्लेट टेबलावर ठेवला आणि खिशातून भिंगरीच्या गुणांच्या कागदाची प्रत काढून वर धरली.

“पाहा! यांचं दुखणं हे आहे! यांची स्वतःची भाची मंद निघाली. वीस वेळा एकच दार! चार, चार, चार! सख्खी भाची हो! म्हणून बोधचक्षूवर चिखलफेक. विचारा त्यांना, माझं यंत्र खोटं, तर त्यांची भाची वीस वेळा चारच का म्हणाली? द्या उत्तर!”

“हो, द्या की उत्तर!” मागून कुणीतरी ओरडलं.

उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. एका वाक्याचं उत्तर. त्यांनी पाचव्या रांगेकडे एकदा पाहिलं आणि तोंड मिटून उभ्या राहिल्या. लोक कुजबुजू लागले. बघा, बोलती बंद झाली. एवढ्या माणसांत लबाड ठरणं त्यांना जड गेलं, फार जड गेलं, पण शब्द शब्द असतो.

तेव्हा पाचव्या रांगेत भिंगरी उठली.

“मी सांगते,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “माझा डावा कान गेलाय. लहानपणीच. मला त्याने काही ऐकू येत नाही.”

अख्खी सातवी तिच्याकडे बघत होती. ती पाय घट्ट रोवून उभी राहिली.

“चष्म्यात घंटी वाजते. बरोबर उत्तराच्या दारातून. ज्यांना दोन कान आहेत त्यांना ती कुठून येते ते कळतं. मला सगळ्या घंट्या उजवीकडूनच येतात. म्हणून मी सारखं चार म्हणाले. मला कुणी शिकवलं नव्हतं तसं म्हणायला. मला जे ऐकू आलं तेच मी केलं.”

“कसली घंटी?” अध्यक्षांनी विचारलं. ते व्यासपीठावरच्या मुलांकडे वळले. “काय रे? घंटी वाजते?”

मुलांनी डबडी कपाळावर सरकवली होती. कुणी नखं खात होतं, कुणी बुटांकडे पाहत होतं. शेवटी पहिल्या ओळीतली एक गुबगुबीत मुलगी रडकुंडीला येऊन म्हणाली, “वाजते. किणकिण. पण सांगितलं की कायमची बंद होते ना!”

“बंद होते का ते बघूच,” असं म्हणत दादा व्यासपीठावर चढला. तिचं डबडं त्याने हातात घेतलं, उलटसुलट केलं, कानाच्या गाद्या चाचपल्या. लिफ्टचा कुठलाही डबा तो असाच उघडत असे. “हा डावा स्पीकर. हा उजवा. याला काय दैवी आहे?” त्याने डावी गादी माईकला टेकवली. बाईंनी टेबलावरच्या टॅब्लेटवर पुढचा प्रश्न दाबला. चष्मेश्वर झेपावला, पण मध्ये अध्यक्ष उभे होते, आणि अध्यक्ष रुंदीला बरेच होते.

किणकिण. किणकिण. सगळ्या सभागृहाने आतला आवाज ऐकला.

मग एकच हशा उठला. चष्मेश्वर वायरी गुंडाळत ‘लहरी’, ‘नकारात्मक वातावरण’ असं काहीबाही पुटपुटत मागच्या दाराने निघून गेला. खोट्याच्या कपाळी गोटा. त्याला डबे उचलायलासुद्धा कुणी हात लावला नाही. आठवडाभर त्याच्यासमोर डोळे पुसणारा बाप सगळ्यांना सांगत सुटला की मला पहिल्याच दिवशी संशय आला होता. अध्यक्षही तेच म्हणाले. गणिताच्या सरांनी तर ‘चष्मेश्वर’ हे नाव भर मैदानात मोठ्याने उच्चारलं.

दादा लेकीला घेऊन घरी निघाला. तिच्या उजव्या बाजूने चालता चालता म्हणाला, “यंत्र खोटं नव्हतं गं. जे वाजवायला सांगितलं ते त्याने वाजवलं. मीच चुकलो. लिफ्टमध्ये दिव्याची वायर कुणी उलटी जोडली तर ती दुसऱ्या मजल्यावर उभी राहून पाचवा दाखवते. एवढं मला कळायला हवं होतं.” थोड्या वेळाने तो म्हणाला, “शिवणकामाचं मी बोललोच नव्हतो, असं समज.”

* * *

पुढच्या महिन्यात दुसरा एक विक्रेता आला. बाईंनी तेच सहा प्रश्न त्याच्यापुढे ठेवले. दोन प्रश्नांना तो “माहीत नाही, विचारून सांगतो” असं म्हणाला, आणि “दहा मिनिटांनी काही मुलांना गरगरतं, तेव्हा काढून ठेवायचं” हे त्याने न लाजता सांगितलं. बाईंनी तिथेच त्याच्या बाजूने हात वर केला. सहाच चष्मे घेतले. प्रत्येक गटात एक जण लावतो आणि काय दिसतंय ते सांगतो, बाकीचे ऐकून चित्र काढतात, आणि शिक्षकाला पडद्यावर सगळं दिसतं. मग चष्मा बाजूला ठेवून चर्चा. ना गर्दी झाली, ना कुणी डोळे पुसले.

पण त्याच्याही आधीची, त्या शनिवारनंतरच्या सोमवारची गोष्ट सांगायची राहिली. भिंगरी सातवीच्याच वर्गात, आपल्या भिंतीजवळ बसली होती. बाईंनी फळ्याकडे पाठ करून विचारलं, “शरीरातलं सर्वांत लहान हाड कुठे असतं?”

ज्या एकोणचाळीस जणांनी भरसभेत हे उत्तर दिलं होतं, त्यांतले सहा हात वर झाले. चौघं म्हणाले बोटात. दोघं म्हणाले नाकात.

भिंगरीने हात वर केला. “कानात, बाई. अगदी आत. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. त्या दिवशी माझं चुकलं म्हणून घरी जाऊन पुस्तकात बघितलं.” मग जरा थांबून म्हणाली, “माझ्या डाव्या कानात पण आहे ते. नुसतंच बसून असतं.”

वर्ग हसला. ती आधी हसली, म्हणून हसला.

वाचणाऱ्यांनो, काळे डबे बदलतील. आज डोळ्यांवर बांधतात, उद्या कपाळावर चिकटवतील, परवा उशाखाली ठेवायला सांगतील. विकणारा क्वांटम म्हणेल, लहरी म्हणेल, आतला आवाज म्हणेल. त्याच्याशी भांडू नका, टाळ्याही वाजवू नका. तो डबा आधी बाजूला ठेवायला सांगा, आणि मग पोराला प्रश्न विचारा. आणि सगळ्या माना एकीकडे वळल्यावर एखादी मान दुसरीकडे वळली, तर हसण्याआधी तिच्याजवळ जाऊन बसा. तिला काय ऐकू आलं ते विचारा.